निसर्ग वादळानंतरची वाडी: चेन सॉच्या कामाच्या नोंदी

जागा: श्रीवर्धन तालुका, रायगड. किनाऱ्यालगतची मामांची वाडी; पोफळी, माड, मध्ये जायफळ, कडेला आंबा-फणस.
काम: आधी घर आणि विहिरीची वाट, मग घरावरचं ओझं, मग वाडी.
मशीन: ५८ सीसीची चेन सॉ, १८ इंची पाती. जोडीला हातकरवत, कोयते, पहारी, चेन पुली, दोरखंड.

५ जून २०२०, शुक्रवार

परवा, ३ तारखेला दुपारी, वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वेधशाळेच्या सांगण्यानुसार वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० पर्यंत. रस्ता मोकळा होत गेला तसा पुढे सरकत आज सकाळी वाडीत पोचलो. मामा पडवीत बसले होते. "बघ रे बाबा काय राहिलंय ते," एवढंच म्हणाले.

निम्म्याहून जास्त पोफळी गेल्या. काही मुळासकट आडव्या, काही कमरेत मोडलेल्या. माड एकमेकांच्या गळ्यात पडलेत. विहिरीजवळचा जुना आंबा उपटून त्याची मुळांची थाळी विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली आहे. फणसाची मोठी फांदी पडवीच्या कौलांवर आहे, बुंध्यापासून अर्धवट फाटलेली.

मशीन आज गाडीतून उतरवलं नाही. माझा मामेभाऊ आणि मुंबईहून लॉकडाऊनमध्ये गावी आलेली दोन पोरं (एक माझा भाचा, एक शेजाऱ्यांचा) बाह्या सरसावून तयार होती. त्यांना म्हटलं, आज फक्त बघायचं. उभं झाड आपण तोडतो तेव्हा ते कुठे पडेल हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. वादळाने पाडलेल्या झाडाचं तसं नाही. एकाचं वजन दुसऱ्याने पेललेलं असतं, वाकलेलं खोड तिसऱ्याच्या खाली दाबून राहिलेलं असतं. हा सगळा ताण लाकडात अडकलेला आहे. करवत लागली की तो सुटणार, आणि कुठल्या बाजूला सुटणार ते आधी समजलं नाही तर मशीन कितीही चांगलं असो, उपयोग नाही.

वाडीभर फिरून खुणा केल्या. जमिनीला पूर्ण टेकलेल्या, दोन्ही बाजूंनी मोकळ्या खोडावर चुन्याचा पट्टा. वाकलेल्या, दबलेल्या, टांगलेल्या झाडावर गेरूची फुली. फुलीच्या झाडाला माझ्याशिवाय कोणी कोयतासुद्धा लावायचा नाही. नुसतं फिरून बघण्यात दुपार झाली आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मला वाटतं.

विजेच्या तारा दोन ठिकाणी वाडीत लोळताहेत. गावाची वीज गेली आहे म्हणून तारेला हात लावायचा नाही. कोणी घरच्या वायरिंगला जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडला तर तीच मेलेली तार उलट्या बाजूने जिवंत होते. लाईनमन येऊन तारा सोडवेपर्यंत त्या पट्ट्यात काम नाही.

पंचनामाही व्हायचा आहे. तलाठी आणि कृषी सहायक येण्याआधी तोडलं तर मोजायला झाड उरत नाही. वाटेवरची झाडं काढावी लागतील तेवढ्यांचे फोटो बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, शेजारी माणूस उभा करून घेतले. आंबा, फणस, साग, खैर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तेव्हा त्यांचं लाकूड वाहून नेण्याआधी कागद हवा, हे मामांना सांगून ठेवलं.

आज वटपौर्णिमा. देवळाजवळचा वड कलंडलाय, बायकांनी त्या आडव्या खोडालाच सूत गुंडाळलं. तो छाटून पुन्हा उभा करायचं गावाने ठरवलं आहे.

६ जून

सकाळ मशीनच्या तयारीत.

पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं प्रमाण आमच्या मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. अंदाजाने ओतायचं नाही, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घ्यायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि मशीन ऐन कापात गुदमरतं. पेट्रोलचा कॅन पडवीपासून लांब, सावलीत. टाकी भरायची ती इंजिन निवल्यावर, आणि भरलेल्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन मगच सुरू करायचं.

चेनचा ताण: चेन पातीच्या खालच्या कडेला नीट चिकटलेली हवी आणि तरी हाताने (हातमोजा घालून, इंजिन बंद) सहज फिरली पाहिजे. सैल चेन पातीवरून उतरते, फार आवळली तर पाती आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) दोन्ही खाते. काम सुरू झालं की चेन तापून लांबते, म्हणून पहिल्या टाकीनंतर पुन्हा बघायचं. संध्याकाळी थोडी सैल करून ठेवायची, कारण निवल्यावर ती आखडते.

चेन ऑइल सुटतंय का ते बघायला पातीचं टोक फिकट कापलेल्या लाकडासमोर धरून रेस दिली. तेलाची बारीक रेघ उमटली. गावात बरेच जण गाडीचं जळकं ऑइल घालतात. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो तेलाचा पंप आणि पाती दोन्ही घासतो. ते घालायचं नाही.

चेन ब्रेक तपासला. पुढचा गार्ड पुढे ढकलला की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. हा ब्रेक नीट लागत नसेल तर त्या दिवशी काम होणार नाही, त्यात चर्चा नाही.

अंगावर काय: हेल्मेट, जाळीचा पडदा, कानाचे मफ, हातमोजे, लोखंडी टोपीचे बूट आणि पायांना चेन सॉचे खास चॅप्स. या चॅप्समध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली तर ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन अडते. जीन्सची पँट काहीही अडवत नाही. पूर्ण रेसमध्ये चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. हात मागे घ्यायला माणसाला तेवढा वेळच मिळत नाही. या उकाड्यात हे सगळं घालून घाम पाण्यासारखा गळतो, म्हणून दर टाकीला थांबायचं आणि पाणी, मीठ-साखर घ्यायचं. एक टाकी संपली की माणूसही थकलेला असतो, हे मी नेहमी पाळत आलोय.

मशीन चालवणारा एकच, मी. मामेभाऊ नुसता बघणार: वर शेंड्याकडे, मुळाकडे, माझ्या मागे. त्याच्या गळ्यात शिट्टी. इंजिनाचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो, त्यात हाक ऐकू येत नाही. शिट्टी मफमधूनही ऐकू येते. एक शिट्टी वाजली की रेस सोडायची, कारण नंतर विचारायचं. आडवं खोड कापताना पोरं किमान पाच मीटर लांब. उभं किंवा टेकलेलं झाड असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब.

फोन लागत नाहीत, टॉवर बंद आहेत. म्हणून लागलंच तर काय करायचं ते आज ठरवलं. स्वच्छ सुती कापड आणि पट्ट्या एका डब्यात, डबा मशीनच्या पाच पावलांत. रक्त आलं तर कापड दाबून धरायचं, उचलून बघत बसायचं नाही. शेजाऱ्यांची गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी, किल्ली गाडीतच, आणि श्रीवर्धनच्या दवाखान्याची वाट कुठे मोकळी आहे ते रोज सकाळी विचारून घ्यायचं. वहिनी म्हणाल्या, "हे मी बघते, तुम्ही कापाकडे बघा." मोठंच ओझं उतरलं.

७ जून

वाट काढली. सगळ्या पोफळी.

पोफळीला बाहेर कडक कवच आणि आत मऊ भुसा. खोड बारीक म्हणून ती सोपी वाटते, आणि नेमकी तीच फसवते. इतकी लवचिक की दोन झाडांच्या मध्ये वाकून अडकली तर ओढून धरलेल्या बेचकीसारखी ताणलेली असते. शिवाय ती उभी चिरते: काप अर्धा झाला नाही तोच पुढे हातभर लांब फाक उडते.

पोरांना एका आडव्या पोफळीजवळ बसवून दाखवलं. दोन्ही टोकं टेकलेली, मध्ये पोकळी. अशा खोडाची वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली असते. वरून एकतृतीयांश कापायचं, जास्त नाही. मग खालून पाती घेऊन उरलेला काप वर आणायचा. फक्त वरूनच कापत गेलं तर काप मिटतो आणि पाती आत धरली जाते. आता उलट: एक टोक जमिनीला, दुसरं हवेत. इथे वरची बाजू ताणलेली. आधी खालून एकतृतीयांश, मग वरून. इथे वरूनच कापलं तर हवेतलं टोक वजनाने खाली येताना खोड उभं फाटतं आणि फाटलेली फाक कापणाऱ्याकडे येते.

खोड आडवं, बाजूला वाकलेलं असेल तर उभं राहायचं ते दबलेल्या बाजूला, म्हणजे बाकाच्या आतल्या अंगाला. ताण सुटला की लाकूड बाहेरच्या अंगाला उसळतं.

हे सगळं पुस्तकासारखं वाटतं, पण कापताना डोळ्यांपुढे एकच गोष्ट असते: कापाची फट. पाती जाते तेवढी रुंद ती असायला हवी. फट केसभर रुंद व्हायला लागली तर लाकूड उघडतंय, आता तुटणार, पाय मागे. फट अरुंद व्हायला लागली आणि भुशाचा ओघ मंदावला, तर लाकूड मिटतंय, पाती लगेच बाहेर. त्या फटीवरून नजर काढायची नाही, तोडायची घाई असली तरी.

गेरूची फुली असलेल्या एका वाकलेल्या पोफळीला एकदम आडवा काप दिलाच नाही. बाकाच्या आतल्या बाजूने, जिथे ती सगळ्यात जास्त वाकली होती तिथे, पातीने वरवर तासत गेलो. थोडं तासायचं, थांबायचं, बघायचं. आतले धागे एकेक करून मान टाकतात, बारीक कटकट आवाज येतो, आणि खोड हळूहळू निवतं. निवल्यावर मग काप. पोरं गप्प बसून बघत होती.

एकदा पाती धरली गेली. इंजिन बंद, ब्रेक लावला, कापात प्लॅस्टिकची पाचर ठोकली, खोड पहारीने उचललं, पाती सुटली. चालू मशीन हिसडून काढायला जायचं नाही. पाचर लोखंडाची वापरायची नाही, चेन लागली तर दात जातात.

झावळ्या उचलण्याआधी काठीने आपटून घ्यायच्या. वादळानंतर फुरशी अशा ओल्या ढिगात शिरून बसतात. आज एक निघालं, बांधापलीकडे घालवलं.

९ जून

माड.

माडाचं लाकूड आंब्यासारखं नाही. त्याला वार्षिक वलयं नसतात. कडेला घट्ट, काळपट धागे आणि आत मऊ. कडेचा भाग चेनची धार बघता बघता खातो. त्यात ही जमीन वाळूची, खोडाला चिखल-वाळू चिकटलेली. कापायच्या जागी आधी कोयत्याने साल तासून, ब्रशने घासून घेतलं. खालचा काप जमिनीपर्यंत नेत नाही. तीनचतुर्थांश कापून खोड पहारीने लोळवायचं आणि उरलेलं वरून कापायचं. पाती जमिनीला एकदा टेकली की धार संपली, मग माणूस जोर लावायला लागतो आणि जोर लावला की चुका होतात.

धार गेली हे भुशावरून कळतं. चांगली चेन जाडसर कीस टाकते, बोटांत धरता येईल असा. बोथट चेन पीठ टाकते आणि कापातून धूर यायला लागतो. पीठ दिसलं की थांबलो. ४.८ मिलीमीटरची गोल कानस, ३० अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखे घास, एका बाजूचे सगळे आणि मग दुसऱ्या बाजूचे. कानस फक्त पुढे ढकलायची, परत आणताना उचलायची. दोन बाजूंना कमी-जास्त घास दिले तर काप वाकडा जातो. दातांपुढची खुंटी दातापेक्षा ०.६५ मिलीमीटर खाली हवी. ती जास्त घासली की चेन मोठमोठे घास घेते, आणि उसळायला लागते.

मुळासकट उपटलेल्या माडांचं वेगळं प्रकरण. खोड कापून वजन कमी झालं की मुळांचा गोळा खड्ड्यात परत बसतो, कधी खोडाचा उरलेला तुकडा उभा करतच. म्हणून खड्ड्यात, मुळांच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. कुत्रं नाही, शेळी नाही, आणि पोरं तर नाहीतच. शेजारच्या आळीत काल एकाने मुळाजवळ कापलं आणि थाळी परत बसताना त्याच्या हातातली पहार हवेत गेली. माणूस वाचला. आम्ही मुळापासून पुरुषभर लांब खोड ठेवून कापतो, म्हणजे थाळीला पुढे कलंडायलाही अडवण राहते.

कापलेले माड वाडीत कुजू द्यायचे नाहीत. कुजक्या माडात गेंडा भुंगा अंडी घालतो आणि पुढच्या वर्षी उभ्या माडांचे कोंब खातो. ताज्या जखमांच्या वासाने सोंड्या भुंगाही येतो. माडाला कोंब एकच, तो गेला की झाड गेलं. आज आडवं पडलेलं लाकूड उरलेल्या माडांवर उठू नये, म्हणून मी ही सगळी घाई करतोय.

कललेले पण मुळं धरून असलेले तरुण माड मात्र तोडले नाहीत. बुडाला माती चढवली, बांबूचे टेकू दिले. माड कलून पुन्हा वर वळतो हे कोकणात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मामेभाऊ आणि मी त्या माडांवरून थोडे भांडलो. त्याला जागा मोकळी हवी होती. मामांनी निकाल दिला, माड राहिले.

११ जून

पाऊस आला. दक्षिण कोकणात मान्सून पोचल्याची बातमी रेडिओवर. मशीन बंद. ओल्या खोडावर शेवाळ, पाय ठरत नाही, आणि वाऱ्यात टांगलेली झाडं हलताहेत.

दिवस पोरांना शिकवण्यात गेला, इंजिन बंद ठेवून. भाच्याला मशीन चालवायचंच आहे आणि गावाला आणखी हात लागणार आहेतच, तेव्हा नाही म्हणण्यापेक्षा नीट शिकवणं बरं.

मशीन सुरू करायचं ते जमिनीवर ठेवून: ब्रेक लावलेला, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या दांडीवर, उजव्या हाताने दोरी. हवेत धरून दोरी ओढायची सवय मी गावोगाव बघतो. चेन तेव्हा मांडीपासून वीतभर असते.

धरायचं दोन्ही हातांनी. डावा अंगठा पुढच्या दांडीखालून वळलेला पाहिजे, वर नुसता टेकवलेला नको. मशीन उसळतं तेव्हा तो अंगठाच त्याला धरून ठेवतो. आणि स्वतः पातीच्या रेषेत नाही, किंचित डावीकडे. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही.

उसळणं समजावायला पातीच्या टोकाचा वरचा पाव भाग खडूने रंगवला. हा भाग लाकडाला लागला की चेन अडते, आणि धावत्या चेनची सगळी ताकद पातीला वर आणि मागे, थेट चेहऱ्याकडे, फेकते. पापणी लवायच्या आत. भाच्याने बंद मशीन धरलं, टोक ओंडक्याला लावलं, आणि मी पाती खालून वर ढकलली. पुढचा गार्ड त्याच्या मनगटावर आपटला, ब्रेक खटकन लागला. "काका, हे चालू असतं तर?" त्याने विचारलं. तेवढ्यासाठीच दाखवलं. टोक पलीकडे कशाला लागतंय ते प्रत्येक कापाआधी बघायचं. पाल्यात लपलेली एक फांदीसुद्धा पुरते.

पातीची खालची बाजू मशीन पुढे ओढते, वरची बाजू मशीन आपल्याकडे ढकलते. खालून वर कापताना मांडी टेकवून, कोपर अंगाशी धरून उभं राहायचं.

चालताना ब्रेक. दोन पावलं असली तरी ब्रेक.

१३ जून

उघडीप मिळाली. पडवीवरची फणसाची फांदी काढली. सगळ्यात जास्त भीती मला हिचीच होती.

फांदी बुंध्याकडे अर्धी फाटलेली, दुसरं टोक कौलांत रुतलेलं, मध्ये वाशांवर सगळा भार. आत कोणी राहिलं नाही, चूल मागच्या अंगणात हलवली. आधी पडवीत आतून वाशांना टेकू दिले, जाड खांब, बुडाला फळी. मग शेजारच्या उभ्या फणसाला चेन पुली बांधून फांदीचं वजन अंगावर घेतलं. पुली घट्ट झाली तेव्हा फाटलेल्या जागेतून करकर ऐकू आली. तिथेच थांबलो, चहा घेतला, पुन्हा बघितलं.

बारीक डहाळ्या हातकरवतीने. शिडीवर चेन सॉ चढवायची नाही, हा नियम मी कोणासाठी वाकवत नाही. शिडीवर दोन्ही हात मशीनला दिले की तोल सांभाळायला काही उरत नाही. भार उतरत गेला तशी पुली थोडी-थोडी सैल, पुन्हा घट्ट. जमिनीवरून हात पोचेल इतकी फांदी खाली आल्यावरच मशीन सुरू केलं. टेकलेल्या खालच्या फांद्या शेवटी कापल्या. त्याच ओंडका तोलून धरतात, आधी काढल्या तर तो लोळतो. बुंध्याकडून शेंड्याकडे जात, ओंडका आपल्या आणि पातीच्या मध्ये ठेवून.

दुपारी साडेतीनला फांदी अंगणात होती. कौलं बरीच फुटली, वासे राहिले. मामींनी देवाजवळ दिवा लावला आणि आम्हा सगळ्यांना पोटभर घावणे घातले.

फणसाचा चीक चेनला गोंदासारखा धरतो. रॉकेलमध्ये चेन बुडवून ब्रशने धुतली, पुन्हा तेल दिलं. हातांना मात्र खोबरेल.

१५ जून

लाईनमन आले. ट्रान्सफॉर्मरवरून लाईन तोडून, अर्थिंग लावून, तारा गुंडाळून नेल्या. त्यांच्या तोंडून मोकळं आहे हे ऐकल्यावरच त्या पट्ट्यात शिरलो. ही माणसं वादळापासून पावसात खांबांवर आहेत, त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तिथला एक माड दुसऱ्या माडाच्या शेंड्यात अडकून तिरका उभा. अशा झाडाच्या तीन गोष्टी टाळायच्या: त्याच्याखाली काम, ज्याने पेललंय ते झाड तोडणं, आणि वर चढून झावळ्या छाटणं. लांब दोरखंड बुडाशी बांधून, ट्रॅक्टर झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभा करून बुंधा मागे ओढला. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी नाही, तुटला तर तोही मारतो. तिसऱ्या ओढीला माड घसरत खाली आला. मशीनला हात न लावता झालेलं हे काम मला सगळ्यात समाधानाचं वाटलं.

१८ जून

विहिरीवरचा आंबा.

पंचनामा झाला, कागद हातात. मुळांची थाळी कठड्याला टेकलेली होती. खोड कापलं की ती एकतर खड्ड्यात परत बसणार किंवा विहिरीकडे कलंडणार. खड्ड्याच्या बाजूला पुरलेला मजबूत चिरेबंदी खांब होता, त्याला आणि पलीकडच्या जांभळाला असे दोन बांध थाळीला दिले, विहिरीपासून दूर ओढणारे.

फांद्या काढायला सुरुवात केली आणि ओंबील अंगावर आले. आंब्यावर त्यांची पानांची घरटी असतातच. मानेला चावा बसला की हात आपोआप तिकडे जातो, आणि चालू मशीन एका हातात राहतं. रेस सोडली, ब्रेक लावला, खाली ठेवलं, मग मुंग्या झटकल्या. पाल्याचा धूर करून तासभर वाट पाहिली.

खोड माझ्या पातीच्या लांबीपेक्षा जाड. दोन्ही बाजूंनी काप जुळवत आणले, वरच्या कापात पाचरी. शेवटची दोन बोटं राहिली तेव्हा मामेभावाची शिट्टी आली: थाळी हलली होती. मागे सरलो. दोन बांध आणखी आवळले. मग उरलेलं कापलं, आणि थाळी जमीन हादरवत खड्ड्यात बसली, कठड्याचा एक चिरा घेऊन. विहीर वाचली. शिट्टी वाजवणाऱ्याचं काम कापणाऱ्याइतकंच मोठं आहे, आणि आज ते मामेभावाने चोख केलं.

संध्याकाळी बोटांना मुंग्या येत होत्या. कंपनाने तसं होतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर बोटं पांढरी पडायला लागतात. उद्या मशीन नाही.

२४ जून

भाच्याने आज पहिल्यांदा चालू मशीनवर काप घेतले. चुन्याचा पट्टा असलेली, जमिनीला टेकलेली खोडं फक्त. मी हाताच्या अंतरावर नाही, बाजूला, शिट्टी माझ्या गळ्यात. प्रत्येक कापाआधी त्याने मोठ्याने बोलून दाखवायचं: दाब कुठे, ताण कुठे, टोक कुठे, पाय कुठे. एकदा उत्तर चुकलं, तर मशीन बंद करून खोडाभोवती फिरून पुन्हा बघितलं. मुंबईच्या पोराला हा संथपणा सोसवेल का अशी शंका होती. त्याने सोसला.

लाकडाची विल्हेवाट सुरू. माडाचे चांगले ओंडके साकवाला आणि गोठ्याच्या खांबांना. पोफळी उभ्या चिरून आतला भुसा काढून पन्हळी केल्या, पाटाला उपयोगी. फणसाचा पिवळा गाभा कोरडा झाल्यावर गिरणीत जाईल. कुजके माड बारीक तुकडे करून जाळणार, आणि शेणखताच्या खड्ड्यात गेंडा भुंग्यासाठी मेटारायझियम बुरशी सोडायचं कृषी सहायकांनी सुचवलं आहे.

२९ जून

वाडीतलं मशीनचं काम संपलं. उद्यापासून पलीकडच्या आजींची वाडी, त्यांच्याकडे करणारं कोणी नाही. पोरं येतायत.

मशीन उघडून साफ केलं. स्प्रॉकेटच्या झाकणात माडाचे धागे घट्ट बसले होते, पातीच्या खोबणीत चिखल-तेलाचा लेप. खोबण सुईने कोरली, पाती उलटी करून लावली म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत घातला. जुन्या चेनचे दात कानशीच्या खुणेपर्यंत आलेत, ती बाद. नवी चेन महाडहून मागवली आहे. ती येईपर्यंत आजींच्या वाडीत उद्या फक्त चुना आणि गेरू.